पाण्यातला स्वभाव ओळखणारे किसनतात्या

विहिरीच्या काठावर आले तरी किसनतात्या आधी पाण्याकडे बघतच नसत. "काय पडलं?" विचारत, आणि लगेच, "कसं पडलं?" काष्टीच्या आसपास कुणाच्या विहिरीत काही पडले की तात्यांना बोलावणे जाई. बादली पालथी पडली की उताणी, मोबाईल खिशातून घसरला की हातातून उडाला, हे कळल्याशिवाय ते सदरा काढत नसत. त्या उलटतपासणीचा लोकांना वैताग यायचा.

"काठावरचा सुभाव पान्यात ऱ्हात न्हाई," ते म्हणत. "विळा सरळ जातो आन् गाळात नाक खुपसतो. घागर पोट भरंस्तवर नखरे करती. धोंडा खाली फुलावानी उचलतो, पान्याभायेर काढाया गेलं की खांदा निखळतो!"

गेल्या वर्षी तात्या गेले. मी पडलो शाळेत विज्ञान शिकवणारा. त्यांच्यापुढे उगाच शहाणपणा मिरवला, याची आता लाज वाटते.

ही त्याआधीची गोष्ट. वडील गेल्यावर वर्षाने आम्ही घरच्या रीतीप्रमाणे त्यांचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला. अंगठ्याएवढा पातळ पत्रा, त्यावर उमटवलेला माणूस. नवरात्राआधी देव धुवायला आई विहिरीच्या पायऱ्यांवर बसली, आणि चिंचेने बुळबुळीत झालेल्या बोटांतून नेमका तोच टाक सुटला. आईने अन्न सोडले. "दुसऱ्यांदा घालवलं म्या त्यांना," एवढेच ती म्हणे.

दोन दिवसांनी तात्या आले. सत्तरीला टेकलेले, एका कानाने बहिरे. सुनेने पाण्यात उतरायची बंदी घातलेली. मी म्हणालो, "चांदी जड असते तात्या, पायरीच्या बरोबर खालीच असणार."

"सर, पुस्तकातली वांगी पुस्तकात. पातळ पत्रा हाय त्यो, हेलकावं खात जानार."

त्यांनी डब्याच्या पत्र्याचा तेवढाच तुकडा कापला आणि आईला त्याच पायरीवरून सोडायला लावला. तुकडा डुलत डुलत, तिरपा होत पार पलीकडच्या दगडांकडे निघाला. तात्यांनी तिकडेच बुडी मारली.

दोन बुड्या रिकाम्या गेल्या. तिसऱ्यांदा ते इतका वेळ खाली राहिले की वर येणारे बुडबुडेही थांबले. तशी आई पायरीवर गुडघे टेकून पाण्याकडे बघत ओरडू लागली, "ऱ्हाऊ द्या त्ये! वर या तात्या! न्हाई पायजे मला टाक!" मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो.

तेवढ्यात तात्यांचे डोके वर आले. नाकातून रक्त येत होते, मूठ घट्ट मिटलेली. पायरीवर बसून धाप ओसरायला बराच वेळ गेला. मी हात पुढे केला, पण माझ्याकडे लक्ष न देता त्यांनी मूठ आईच्या ओंजळीत उघडली.

"मालक पडले न्हवते, वैनी," ते म्हणाले. "कपारीला पाठ टेकून हुबे हुते."

आईने टाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी पदराने तात्यांच्या नाकाचे रक्त पुसले, आणि वडील गेल्यापासून अडवून धरलेले रडू तिला तिथेच, पायरीवर फुटले.