जागा का रिकामी झाली?

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या छापखान्यात ते दोन रंगांचं मशीन चालवतात, मी बाइंडिंगच्या टेबलावर कागद दुमडते. मेहुणी असल्यानं त्यांची थट्टा करायचा हक्क माझा, आणि तो मी पुरेपूर वापरते.

थट्टेचा मुख्य विषय त्यांचा ऑनलाइन ग्रुप. सगळ्या छापखान्यांतली माणसं त्यात आहेत. तिथे भावजी ‘नियमकाका’ या नावानं जाहिराती तपासतात, मगच त्या सगळ्यांना दिसतात. नोकरीची असेल तर काम, वेळ, पत्ता हवा, आणि जागा का रिकामी झाली तेही हवं. जुना माणूस अजून कामावर असेल तर आधी त्याला सांगायचं, मगच जाहिरात. घरात ज्यांचं मांजरही ऐकत नाही, त्यांचं तिथे भले भले मालक ऐकतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नवी जाहिरात आली होती. दोन रंगांच्या मशीनसाठी माणूस हवा. पत्ता आमचाच. पाठवली होती आमच्या मालकांनी. नियमकाका कोण, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे ते मशीन एकच आहे. ताईच्या घरात दुसरी कमाई नाही.

“कारण लिहिलेलं नाही,” भावजी म्हणाले, आणि त्यांनी नियमाप्रमाणे ते विचारलं.

उत्तर लगेच आलं. माणूस जुना आहे, गुणी आहे, पण त्याला ऐकू कमी येतं. एखाद्या दिवशी मशीनमध्ये हात जाईल याची धास्ती वाटते. त्याला सांगायचा धीर होत नाही.

“काहीतरीच,” भावजी म्हणाले. “मला ऐकू येतं की नाही?”

“येतं की,” मी म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं. टीव्हीच्या आवाजावरून ताईची रोजची कटकट मला माहीत होती. “ती जाहिरात दाबून ठेवा. आपणच आपल्या पायावर कशाला धोंडा पाडून घेता?”

“दुसऱ्याची परत पाठवायची आणि माझी दाबायची होय?”

त्यांनी लिहिलं, ‘आधी त्या माणसाला सांगा.’ ते पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

मशीनवर उभं राहिलं की मालकांच्या केबिनकडे पाठ होते. सुट्टी संपल्यावर भावजी सारखे वळून दाराकडे बघत होते. माझे कागद वाकडे दुमडले जात होते.

“दार केवढं करकरतं,” शेवटी ते मला म्हणाले. “आले की कळेलच.” मग मशीन बंद करून ते रोलर पुसायला वाकले.

दार करकरलं. मालक बाहेर आले, भावजींच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. टेबलावरच्या आम्ही सगळ्या वळलो. भावजी रोलर पुसत राहिले.