नव्या वह्यांचा महिना

बाळांनो, चर्चकडून दर वर्षी येणारा नाताळचा केक या वर्षी का आला नाही, असं तुम्ही विचारलंत. आला होता. मी तो दारातूनच परत पाठवला. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

नेरूळला चर्चच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मागच्या वर्षी चर्चनं एका तक्रारीसाठी तिघांची समिती नेमली. एक वयस्कर फादर, एक वकील आणि आता निवृत्त, म्हणून ‘बाहेरची’ ठरलेली मी. तक्रार करणारी मुलगी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली, आता नर्स आहे. चौथीत असताना ती चर्चच्या हॉलमध्ये अभ्यासवर्गाला जायची. तो वर्ग घेणाऱ्या फादरनी तिच्याशी काय केलं, ते तिनं चार पानांत लिहिलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

समितीतल्या फादरना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं. पानं विस्कळीत होती. शेवटचं आधी, आधीचं मध्येच. ‘महिना ध्यानात नाय. पडदा हिरवा व्हता. नव्या वह्यांचा वास येत व्हता.’ मी सवयीनं सगळं क्रमानं लावलं. नव्या वह्या म्हणजे शाळा उघडण्याचे दिवस, हे टीचरला कोणी सांगावं लागतं का? मी बिनदिक्कत लिहिलं, जून महिना. ‘ध्यानात नाय’ गाळलं.

पुढच्या बैठकीत वकिलांनी एक कागद पुढे सरकवला. तक्रारीतले फादर त्या वर्षी अख्खा जून गोव्याला होते.

“संपला विषय,” वकील म्हणाले.

“देवाची कृपा,” वयस्कर फादर म्हणाले. “टीचर, तुमच्या सुबक इंग्लिशमुळे काम सोपं झालं. घ्या, खारी घ्या.”

“तिला एकदा विचारू या ना,” मी म्हटलं.

“कशाला? पढवून पाठवलेल्या असतात या.” वकिलांनी खारी चहात बुडवली. तिचा तुकडा तुटून कपात पडला, तेव्हा दोघंही खदखदून हसले. खारी मीही घेतली होती, खाल्लीही होती.

दुसऱ्या दिवशी सारसोळ्याला गेले. जूनमुळे तक्रार खोटी ठरल्याचा निरोप माझ्याआधीच पोचला होता. तिची आई अंगणात कोलंबी सोलत होती. उठली नाही.

“आल्या टीचर! आता काय, पोरीला खोटी ठरवल्याचा पेढा आनलाव?”

मुलगी बाहेर आली. “जून कुनी लिवला, टीचर?”

“मी. तू नव्या वह्या म्हणालीस ना.”

“त्या शालेच्या नव्हत्याच. त्यानंच दिलेल्या. दर खेपंला एक.”

आईच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. “आनि मी येडी त्याला पापलेट पाठवायची. गरिबाच्या पोरीला वह्या देतो म्हनून.”

मला स्वतःच्या अक्षराची किळस आली.

जून माझा आहे, तिचा नाही, असं मी समितीला लेखी दिलं. वकील म्हणाले, “मॅडम, आता राहू द्या. उगाच तुमच्या वयावर बोट जाईल.” फादर म्हणाले, “शाळेचं नाव आहे, टीचर. तुमचीच शाळा.” तिच्या मूळ पानांची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये होती. समितीचा राजीनामा टेबलावर ठेवला आणि फाइल घेऊन निघाले.

आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी बाईंना मी आधी माझी चूक सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि त्या मुलीकडे वळल्या.

“महिना कुठला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला शंभर प्रश्न सुचत होते, दिवाळी होती का, गणपती होते का. मी पर्सचा पट्टा धरून बसले.

“ध्यानात नाय,” ती म्हणाली.

बाईंनी तसंच लिहिलं. मग समोरची झेरॉक्स पाहून विचारलं, “बरं. तो हिरवा पडदा कुठे होता?”

आणि ती सांगू लागली.