डीफॉल्ट: बसा

२ मार्च २०२५, रविवार. घरात माणसे तीन.

सुखदेव यांनी सौंसरच्या पाणीपुरवठ्यात सदतीस वर्षे व्हॉल्व्ह फिरवले. दुपारच्या झोपेने माणूस बिघडतो, अशी त्यांची धारणा असल्यामुळे निवृत्तीनंतर ते मुलगी प्रज्ञा हिच्या घरगुती क्लासात स्विफ्ट शिकू लागले. यंत्राला सूचना लिहिण्याची ही भाषा त्यांना सरकारी परिपत्रकाहून सुबोध वाटली.

त्या दिवशी त्यांनी 'बाप' नावाचा क्लास, म्हणजे वागणुकीचा साचा, लिहिला. त्यात कृती एकच: अंगणात चपला हातात घेऊन उभे राहणे. त्यांचे वडील जमीनदार यशवंतरावांच्या घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, होते. मग बापातून त्याच्या सवयी आपोआप घेणारा 'लेक' काढला आणि तीच कृती बदलली. यंत्राने नकार दिला.

"बाबा, बापाचं बदलवाचं असंन त 'ओव्हरराइड' लिवा लागते," प्रज्ञा म्हणाली. "चोरून नाई चालत."

"मी त जलमभर चोरूनच बदलवलं."

यशवंतरावांचे अंगण टाळण्यासाठी सुखदेव रोज नाल्याकडून फिरून कामावर जात.

"म्हनून सायकलचे टायर झिजत होते का!" त्यांच्या पत्नी सुशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पुढे स्विच. पाहुणा कोण, त्याप्रमाणे वागणूक. हे त्यांना तत्काळ उमगले: ज्या वार्डाची पाळी, त्याचा व्हॉल्व्ह. साहेबाला खुर्ची, मास्तरांना खाट, ठेकेदाराला बाहेरचा ओटा. यंत्र म्हणाले, यादी अपुरी आहे. भावी जावयासह तेवीस केस लिहूनही त्याचे समाधान होईना.

"डीफॉल्ट लिवा. यादीत नसंन त्याच्यासाठी."

"त्याले काय म्हनाव?"

तेवढ्यात दारात यशवंतराव उभे राहिले. या घरी ते प्रथमच येत होते आणि चपला कोठे काढाव्यात, हे त्यांना कळत नव्हते.

"सुखदेवभाऊ, आमचा नातू अंकुर नुसता मोबाइल पाहून राहिला. क्लासात घेता का?"

हा 'भाऊ'ही नवा होता. सुखदेव अर्धे उठले. हात वडिलांच्या सवयीने चपला शोधू लागला.

"बाबा, ओव्हरराइड," प्रज्ञा पुटपुटली.

ते पुन्हा टेकले. "बसा, यशवंतराव. खाटीवर बसा."

चहा झाला, अंकुरची वेळ ठरली, पाहुणे गेले. सुखदेव यांनी तेवीसही केस पुसल्या आणि डीफॉल्टपुढे एकच शब्द लिहिला: बसा. प्रोग्राम चालला.

"मंग स्विच कायले ठेवला, बाबा?"

"राहू दे. फिरवाची सवय हाये."

सुखदेव यांच्या वडिलांना मात्र यशवंतरावांच्या अंगणात कोणी कधी 'बसा' म्हटले नाही. तेवढे बाकी आहे.