करंगळीचं नख

"हात नोको लावू. पयले नख लावू दे."

देवळीला आमच्या घराला लागूनच असलेल्या वर्कशॉपात मशीन दुरुस्त करायला येणारे मिस्त्री प्रत्येक वस्तूला असेच भेटत. उजव्या करंगळीचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं. लोखंडावरून ते फिरवलं, की डोळ्यांना न दिसणारा चरा त्यांना कळे. चहाच्या कपालाही सूट नव्हती. "वैनी, हा तडकला बरं." चार दिवसांत कपाचा कान माझ्या हातात येई. शेवटी बायकोने त्यांच्यासाठी नवा कप आणून खुंटीला टांगला. मला तडकलेलेच.

हा माणूस बसलेला कुणी पाहिला नाही. चहा पितापिता दारापर्यंत चार फेऱ्या होत. त्यांची चुळबुळ पायांत, माझी दातांत. मी नखं खातो.

गेल्या हंगामात जिनिंग मिलचा तुटका शाफ्ट आमच्याकडे दुरुस्तीला आलेला. तिकडे कापसाच्या गाड्यांची रांग, आणि इकडे लोखंड कातणाऱ्या लेथच्या फिरत्या दांड्यातून, स्पिंडलमधून, तेल गळायला लागलं. आतलं तेल संपलं की बेअरिंग जळणार, आणि लेथ एकच. तेल अडवणारी रबराची कडी, म्हणजे ऑइल सील, मी आठवड्यात दोनदा बदललं. दोन्ही वेळा दुकानदाराला शिव्या घातल्या.

मिस्त्री आले. मी तिसरं सील आणि हातोडी घेऊन तयारच. त्यांनी जुनं उपसलं, स्पिंडल पुसला, डोळे मिटून नख सरकवलं.

"साफ आहे."

पुन्हा सरकवलं. मग तिसऱ्यांदा. त्यांचे पाय थांबले होते, ते मला आवडलं नाही.

"मले समजून नाई राह्यलं," ते हळू म्हणाले. "शुगरनं बोटं बधिर झाली. तू लावून पाह्य."

मी हात पुढे केला. दहा बोटांचं मिळून एक नख निघालं नसतं.

"काय रे, जेवाले नाई देत का घरी?"

माझ्या खिशात जिनिंगवाल्याचा फोन वाजत होता.

"वैनी, या बरं जरा."

बायको कणकेचे हात पुसत आली. त्यांनी दाखवलं तिथे तिने नख सरकवलं. "अडकते ना भाऊजी. इथंच."

मिस्त्रींचे पाय पुन्हा सुरू झाले. "पाह्य. सील नाई खराब. जुन्या सीलनं लोखंड खाल्लं. तू नवं आनून त्याच चऱ्यात बसवून राह्यला. सील अर्धं सूत पुढं सरकव, कोऱ्या जागी टेकू दे."

मागे पातळ वायसर टाकून त्यांनी सील बसवलं, लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकलं. लेथ तासभर फिरवली, थेंब नाही. शाफ्ट वेळेत गेला. निघताना म्हणाले, "वैनी, करंगळीचं तेवढं कापू नोका."

नंतर ते आले नाहीत. पोळ्याच्या आधी वारले.

मागच्या आठवड्यात लेथ पुन्हा गळायला लागली. मी हातोडी शोधत होतो, तोवर बायको आली.

"व्हा बाजूला. पयले नख लावू द्या."

काम झाल्यावर तिने चहा टाकला. खुंटीवरचा कप उतरवला, त्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि परत टांगला. मला तडकलेल्यातच दिला.