यांनी कॉम्प्युटरला हाक मारली नाही

त्या सोमवारी यांनी कॉम्प्युटर उघडला आणि कॉम्प्युटर बोलला. यांनी तो मिटला. त्या दिवशी मुलीला पत्र गेलं नाही.

मुलगी लग्नानंतर परदेशी गेली तेव्हापासून दर सोमवारी सकाळी हे तिला पत्र लिहीत. जात असे ई-मेलने, पण आमच्या घरात त्याला पत्रच म्हणत. रविवार यांनी त्यासाठी कधी धरला नाही. रविवारी गावातल्या लष्कर भागातून कुणी ना कुणी नातलग येई, वरच्या मजल्यावरचे शेजारी गप्पांना बसत आणि मी घरात असे. सोमवारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात निघून गेले की थाटीपुरचं ते घर यांचं एकट्याचं होई. पुढे मी निवृत्त झाले तरी वार बदलला नाही. मी स्वयंपाकघरात असे आणि मधलं दार लोटलेलं असे, एवढाच फरक.

हे सरकारी कचेरीत होते, मुलीच्या लग्नाआधीच निवृत्त झाले. नोकरी लागण्याआधी नई सडकेवर एका जिन्यावरच्या क्लासात हिंदी टायपिंग शिकले होते, आणि कॉम्प्युटर आल्यावरही कळपाटाची तीच जुनी मांडणी यांनी लावून घेतली होती. बोटं डोळ्यांना न विचारता चालत. कचेरीतल्या टाइपरायटरवर ‘ळ’ नव्हता. पुण्याच्या दिरांना हे मराठीतून टाइप करून पत्र पाठवत तेव्हा प्रत्येक ‘ळ’ची जागा मोकळी सोडत आणि मागाहून पेनाने भरत. कॉम्प्युटरवर ‘ळ’ आयता मिळाला, त्याचं यांना पुष्कळ दिवस कौतुक होतं.

दाराआडून मला टायपिंग ऐकू येई. आधी थोडं अडखळत, मग एकदा लय लागली की सरळ, आणि मध्येच सगळं थांबे. थांबलं की मी भाजी चिरायची थांबे. का, ते मला सांगता येणार नाही. पुन्हा सुरू झालं की मीही सुरू करी. पत्रात काय असे ते मला ठाऊक नव्हतं. ते त्या दोघांचं होतं. फोनवर हे तिला तिकडे थंडी कशी आहे एवढं विचारत, ती सांगे ते सगळं ऐकत आणि फोन माझ्याकडे देत. जे काही बाप-लेकीत होतं ते सोमवारच्या पत्रात होतं.

तर त्या सोमवारी कॉम्प्युटर बोलला. आदल्या दिवशी त्याचं काही अपडेट झालं होतं. पडद्याच्या तळाशी एक गोल चिन्ह आलं होतं, आणि एक बाई अदबशीर हिंदीत सांगत होती की आता टाइप करायची गरज नाही, मला नावाने हाक मारा आणि काय हवं ते बोला. नाव एका मुलीचं होतं.

हे बाहेर आले आणि मला म्हणाले, “त्यात कोणीतरी बाई आली आहे.”

आमच्याकडची रीत इथे जरा समजावून सांगावी लागेल. लग्नापासून यांनी मला नावाने हाक मारली नव्हती आणि मी यांना मारायचा प्रश्नच नव्हता. मांडवात नाव घ्यायला लावलं तेव्हा यांनी उखाणा इतका हळू म्हटला की मागच्या बायकांनी पुन्हा घ्यायला लावला. त्यानंतर ‘अगं’ आणि ‘अहो’. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या जुन्या घरी आमचे सासरे तेवढंही म्हणत नसत. ते माजघराच्या दाराशी येऊन खाकरत, आणि खाकरण्यावरून सासूबाईंना कळे की पाणी हवं आहे, पंचा हवा आहे की कोणी आलं आहे. शेजारपाजारची हिंदी माणसं बायकोला ‘सुनती हो’ म्हणत, ते आम्हाला फार मोकळं वाटे. अशा घरात वाढलेल्या माणसाने रिकाम्या खोलीत एका बाईला नावाने हाका मारायच्या, आणि त्याही मी ऐकत असताना, हे होणं शक्य नव्हतं.

वरच्या शेजाऱ्यांना हे सगळं फार आवडलं. त्यांच्या कॉम्प्युटरातही ती आली होती. ते तिला बातम्या विचारत, भजनं लावायला सांगत, मंडईत बटाटा काय भाव आहे तेही विचारत, आणि त्यांची हाक जिन्यावरून खाली आमच्यापर्यंत येई. एकदा यांना म्हणाले, “भाईसाहब, ऐसी कहाँ मिलेगी? जो कहो सो करती है, और मायके भी नहीं जाती.”

“इसीलिए तो डर लगता है,” हे म्हणाले.

यांनी तिला बंद केलं. ते सोपं नव्हतं. चष्मा लावून, एकातून दुसऱ्या पानात शिरत, कुठेतरी खोल तिचा खटका सापडला. पुढच्या अपडेटला ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. मायक्रोफोनची परवानगी मागणारी चौकट येई, तिच्यात ‘हो’ आणि ‘नंतर’ अशी दोनच बटणं होती. हे मला बोलावून ती दाखवत. म्हणत, नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, दारात आलेल्या माणसालासुद्धा आपण नाही म्हणू शकतो. शेवटी यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी कापून मायक्रोफोनच्या भोकावर लावली. ती पट्टी भलत्याच भोकावर होती हे पुढे मुलीने सांगितलं. पण तोवर तिच्या भरवशावर यांची बरीच पत्रं निर्धास्त लिहून झाली.

मग हात कापू लागले. आधी उजवा. चहाच्या कपाची बशी वाजे, तेव्हा हे बशीच घेईनासे झाले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बरं वाटे, पण सोमवारच्या सकाळी दाराआडचा आवाज बदलत गेला. लय लागेना. एकच कळ लागोपाठ पुष्कळदा वाजे आणि मग खोडायची कळ तितक्याच वेळा. पत्रं लहान झाली. मुलगी फोनवर मला म्हणाली, “आई, बाबांची पत्रं आता तार आल्यासारखी येतात. सब ठीक आहे ना? खरं सांग.” मी खरं सांगितलं. तेव्हा तिने पहिल्यांदा तो आवाजाचा विषय काढला. बाबांनी नुसतं बोलायचं, कॉम्प्युटर लिहून घेईल, त्याला आता मराठीही येते. मी यांना निरोप दिला. यांनी ऐकला आणि खिडकीबाहेर कोण गेलं ते विचारलं.

त्या थंडीत मुलगी आली. यांच्याजवळ बसून तिने कॉम्प्युटरचं सगळं पाहिलं, पट्टीवरून हसली आणि ती खरवडून काढली. तिने एक युक्ती केली. नाव घ्यायची अट काढून टाकली. आता हाक मारायला नको, एक कळ दाबायची की ऐकणं सुरू. “नाव नाही घ्यायचं, झालं? आता तर बोलाल?” हे म्हणाले, बघतो. घरात कुणी नसलं तर यांना सोपं जाईल असं तिला वाटलं, म्हणून ती मला तिळाची गजक आणायला म्हणून बाहेर घेऊन गेली. आम्ही मुद्दाम सावकाश हिंडलो. ऊन चांगलं होतं. ती प्रत्येक दुकानात थांबत होती, आणि तिचं मन घरी आहे हे मला दिसत होतं.

परत आलो तेव्हा हे खुर्चीतच होते, हात मांडीवर. मुलीने पडदा वळवून पाहिला. पान भरलेलं होतं. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गल्लीतला भाजीवाला, त्याची मेथी, त्याचा मटार. मग वरच्या वहिनी आणि कामवाली यांचं काल न येण्यावरून झालेलं सगळं बोलणं. मग पुन्हा मटार. उघड्या खिडकीतून जे आलं ते सगळं कॉम्प्युटरने इमानाने लिहून घेतलं होतं. यांचा त्यात एक शब्द नव्हता.

मुलगी हसत हसत वाचत होती. शेवटाला आली आणि तिचं हसू गेलं.

“बाबा, तुम्ही काहीच नाही बोललात?”

“बोललो की. मनात.”

“मनातलं त्याला अजून ऐकू येत नाही.”

“तेवढं तरी बरं आहे,” हे म्हणाले.

ती खाली जमिनीवर, यांच्या खुर्चीशी बसली. लहानपणी ती तशी बसे, शाळेतून भांडून आली की. म्हणाली, “फोनवर तुम्ही मला थंडीचं विचारता आणि फोन आईला देता. मी तक्रार नाही करून राहिले. मला सोमवारी पत्र येतं, म्हणून मला ते चालतं. पत्र बंद झालं तर तुमच्याकडून मला काय राहील, बाबा? थंडी?”

यांचा आवाज दुखण्याने बसला होता. हळूच म्हणाले, “लिहिताना मी एकटा असतो. बोललो की घर ऐकतं.”

“घरात कोण आहे? आईच तर आहे.”

“तेच तर म्हणतो आहे,” हे म्हणाले. “तिच्याविषयी लिहायचं असलं तर काय करू?”

मी दारात उभी होते. दूध बघायला म्हणून मी आत गेले. दूध गॅसवर नव्हतं. मी ओट्याशी उभी राहिले, आणि पलीकडे ती दोघं पुढे काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. इतकंच कळलं की ती एक ओळ मागत होती. आठवड्यात एक ओळ, पण हाताने. हे म्हणाले असावेत की एका ओळीत काय मावणार, कारण ती मोठ्याने म्हणाली, “मला चालेल.”

जाण्याआधी तिने त्या बाईला होती नव्हती तेवढ्या सगळ्या ठिकाणांहून काढलं. अपडेट झालं की ती परत येईल असंही सांगितलं, आणि ती कुठून काढायची ते यांना नाही, मला शिकवलं. मी ते एका बैठकीत शिकले. जन्मभर पुस्तकं जागच्या जागी लावण्यात गेल्यामुळे असेल, कुठली गोष्ट कुठल्या पानाच्या पोटात दडवली आहे ते मला लवकर कळतं. त्यानंतर रविवारी संध्याकाळी, नातलग गेले की, मी कॉम्प्युटर उघडून ती आली आहे का ते बघत असे. आली असली तर काढत असे. सोमवारी यांना पडदा कोरा मिळे. यांनी त्याविषयी काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, हल्ली ती बाई त्रास देत नाही.

ओळ सोमवारी पुरी होत नसे. हे सोमवारी सुरू करत आणि आठवड्यात जमेल तशी पुढे नेत, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, एका बोटाने. मधलं दार लोटलेलं. एक कळ, मग मोठी शांतता, मग दुसरी. मला त्या शांततेची सवय झाली. त्या वेळी मी मोठ्याने भांडी लावत नसे, रेडिओ लावत नसे, आणि वरच्या शेजाऱ्यांनाही मी सांगून टाकलं होतं की सकाळी खाली येत जाऊ नका. ते रागावले नाहीत. म्हणाले, “भाभीजी, इतने में तो आदमी पैदल चिट्ठी दे आए.” तेही खरंच होतं. मुलीला ओळ कधी शुक्रवारी मिळे, कधी पुढच्या सोमवारी. मिळाली की ती मला फोन करून एवढंच सांगे, “आली.”

एका आठवड्यात ओळ पुरी झाली नाही. पावसाळा संपत आला होता. हे दवाखान्यात होते, यांचा आवाज पुरताच गेला होता आणि हात चादरीवर पडून होते. मुलगी पोचली तेव्हा हे जागे होते. तिने थंडीचं काही विचारलं, हसवायला म्हणून, आणि यांनी मान हलवली. त्यानंतर दोन रात्रींनी हे गेले.

तेरावं झाल्यावर मुलीला परत जावं लागलं. वरचे शेजारी येऊन बसत. एकदा संकोचाने म्हणाले की ती आवाजवाली चालू ठेवा, अकेले घर में कोई बोलने वाला तो हो. त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. एका दुपारी मी तसं केलंही. तिने मला विचारलं की मी तुमच्यासाठी काय करू शकते. मी खरंच विचार केला. आमच्या घरात बोलणं फारसं नव्हतंच. दाराआडचं ते थांबत थांबत चाललेलं काम होतं, आणि ते तिला करता येणार नव्हतं. मी तिला बंद केलं.

यांची पत्रं मुलीकडे आहेत. ती मला पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं. कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. सोमवारी मी त्यावर तिला लिहिते.