बैलाच्या मांडीवरचा टपालाचा शिक्का

टपाल खात्याचा शिक्का मी हजारो पाकिटांवर पाहिला असेल. बैलाच्या मांडीवर मात्र तो एकाच प्रकरणात पाहिला, आणि नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांपेक्षा तेच प्रकरण मला जास्त आठवते. सरकारी कागदात ते चुकीचे नोंदवले गेले. नोंदवणारा मीच होतो.

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि बाजारात बाया अजून आण्यांवरून भांडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आर्णीच्या बाजूच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, बाजाराच्या दिवशीचा बंदोबस्त, भांडणाच्या फिर्यादी, असा दिवस जायचा. एके सकाळी नागपूरचा एक व्यापारी ठाण्यात आला. धंदा किराण्याचा, पण शौक जुन्या तिकिटांचा. त्याने पिशवीतून जपून चार पाकिटे काढली. प्रत्येकावर इंग्रज राणीच्या डोक्याचे अर्ध्या आण्याचे निळे तिकीट, आणि तिकिटावर काळा शिक्का. रेघांचा पतंगासारखा चौकोन आणि मधोमध एक आकडा.

"तिकीट स्वस्त आहे साहेब," तो म्हणाला. "असली तिकिटं गोणीभर मिळतात. महाग आहे तो शिक्का."

मला गंमत वाटली. मी त्याला बसवून सगळे समजून घेतले. पूर्वी इंग्रजी अमलात प्रत्येक टपाल कचेरीला आपला आकडा असे आणि तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून तो त्यावर उमटवत. हा आकडा आमच्या हद्दीतल्या एका बाजारगावाच्या कचेरीचा होता. ती थोडी वर्षे चालून बंद पडली, त्यामुळे तिचा शिक्का असलेले पाकीट सहसा कोणी पाहिलेले नाही. आणि आता एका दलालामार्फत एकामागून एक पाकिटे निघू लागली होती.

"म्हणजे शिक्का कोणाच्या तरी घरी आहे," मी म्हणालो.

"तेच तर. नवीन शिजतंय."

फिर्याद घेतली. आमचे जमादार, निम्मी नोकरी त्याच ठाण्यात काढलेले गृहस्थ, माझ्या खांद्यावरून पाकिटाकडे बघत होते. व्यापारी चहाला बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "सायब, हा आकडा मी पाह्यला हाय."

"कुठे?"

"बाजारात. बैलावर."

मला थट्टा वाटली. ते हसले नाहीत. "तांड्यावरच्या नायकाचे बैल हायेत. मांडीवर असाच डाग हाय. मले वाटलं त्याईच्या देवाचं काही असंल."

तांडा ठाण्यापासून फार लांब नव्हता. ही बंजारा मंडळी. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरणारी, आता कपाशी-तूर पेरून स्थिर झालेली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. पन्नाशी उलटलेला, पागोटे घातलेला माणूस. मी विचारताच त्याने काही लपवले नाही. नायकीण आत गेली आणि फडक्यात बांधलेला शिक्का घेऊन आली. पोलादी, मूठ जळून गेलेली, नुसता दांडा उरलेला. बैलाला डाग द्यायचा तेव्हा तो चिमट्यात धरून शेणीच्या विस्तवात तापवत.

जमादारांनी पंच बोलावले. शिक्का ताब्यात घेऊन आम्ही नायकाला ठाण्यात आणले. त्या काळी तांड्यावरच्या माणसाला ठाण्यात आणले की निम्मा बाजार दाराशी जमे आणि चोर सापडला असेच धरून चाले. इंग्रजांनी कायदा करून त्यांच्यापैकी कित्येकांवर गुन्हेगार जमातीचा छाप मारलेला होता. तो कायदा गेला, पण लोकांच्या डोक्यातून आणि आमच्या खात्याच्या डोक्यातून तो छाप गेला नव्हता.

"सरकारी शिक्का तुझ्याकडे आला कुठून?" जमादारांनी दरडावले.

"आमच्या पणज्याले देल्ला होता."

"कोणं देल्ला? राणीनं?"

"तिच्याच मानसानं म्हना." नायक शांतपणे म्हणाला. "पावसाळ्यात गाडीवाट बंद होये, तवा टपालाच्या थैल्या आमच्या बैलावर जायेत. कचेरी बंद झाली तवा मास्तरनं शेवटच्या थैलीसंगं हा शिक्का देल्ला, का मोठ्या कचेरीत नेऊन दे. पणज्यानं नेला. थैली ठेवून घेतली त्याईनं, शिक्का घेतला नाई. म्हने, याचा कागद नाई आला. पणजा दोन-तीन खेपा गेला. मंग ठेवला. सरकारची अमानत हाय, मांगतीन तवा देऊ."

"आणि बैलाले काहून डागता?"

"टपालाचा बैल कळावा म्हून. हा डाग असला का नाक्यावर कोनी अडवे नाई, कोंडवाड्यात टाके नाई."

"आत्ताही टाकत नाहीत?" मी विचारले.

"आता टाकतात." तो किंचित हसला. "पन डाग तं द्यावाच लागते."

जमादार पुन्हा अंगावर गेले तेव्हा तो म्हणाला, "चोरीचा असता तं बैलावर उमटवून भर बाजारात फिरवला असता काय, बापू?"

  त्याला बाकावर बसवून मी भिंग घेऊन पाकिटे पुन्हा पाहिली. चारही शिक्क्यांत पतंगाचा खालचा कोपरा नव्हता. हातातल्या पोलादी शिक्क्याचाही तो कोपरा तुटलेला. मी विचारले, "हा कधी तुटला?"

"परसाली. नायकीनीच्या हातून गोट्यावर पडला. लय रडली थे."

खोटे बोलणारा माणूस सोयीचे सांगतो. हे त्याच्या सोयीचे होते की नाही, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. मी त्याला घेऊन पुन्हा तांड्यावर गेलो. बैल नाल्यावर पाणी पीत होते. मी चिखलात उकिडवा बसून एकेका बैलाची मांडी पाहू लागलो, तशा तांड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "फौजदाराले बैल घ्याचा हाय वाट्टे. दात पाह्य म्हना, तिकडं काय पाह्यते?"

म्हाताऱ्या बैलांवर पतंग पूर्ण होता. चारही कोपरे, मध्ये आकडा. परवाच्या पोळ्यानंतर डागलेल्या दोन गोऱ्ह्यांवर खालचा कोपरा नव्हता.

राणीच्या काळात उमटवलेल्या शिक्क्यात परसाली तुटलेला कोपरा गायब असूच शकत नाही. पाकिटे गेल्या वर्षभरात बनवलेली होती, आणि याच शिक्क्याने. इतका साधा आणि इतका पक्का पुरावा मला पुढे कधी मिळाला नाही.

"या वर्षात शिक्का तांड्याबाहेर गेला होता?" मी विचारले.

 नायकीणच बोलली. "नेल्ता ना. वकीलसायबाच्या भावानं. म्हने, पाह्यतो अन् देतो. वापस आला तवा काया कुट्ट, तेलकट. मी राखेनं घासला. मंग डागला थो गोऱ्हा, तं तेलाचा काय घान धूर झाला."

"मग ठाण्यात का नाही सांगितलं?" मी नायकाला विचारले.

"मोठ्या घरचा मानूस हाय, सायब. त्यानं नाई म्हनलं तं माह्यं कोन आयकन?"

वकिलांचे हे धाकटे बंधू गावातले प्रतिष्ठित गृहस्थ. घराण्यात तीन पिढ्या कचेरी आणि कोर्ट. मी त्यांच्या घरी गेलो. टेबलावर चिमटा, भिंग, अल्बम, सगळे नीट मांडलेले होते. आजोबांच्या कपाटात कोऱ्या जुन्या तिकिटांचे ताव शिल्लक होते, हे त्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितले. मी पाकीट पुढे ठेवले.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "असं पाकीट बघायला नशीब लागतं, फौजदारसाहेब."

"हा खालचा कोपरा?"

"तेव्हापासूनच तुटका असणार."

"नायकाचा म्हातारा बैल वेगळं सांगतो."

ते मोठ्याने हसले. "बैलाची साक्ष कोर्टात कशी नोंदवणार? शपथ कोण देणार त्याला?"

मी हसलो नाही. बैलांच्या वयाचे आणि कोपऱ्याचे सगळे समजावून सांगितले. त्यांचे हसू हळूहळू मावळले. मग त्यांनी भिंग उचलून तो कोपरा स्वतः पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटते, पकडले गेलो यापेक्षा आपल्या नजरेतून तो सुटला याचेच त्यांना जास्त वाईट वाटले. एरंडेल आणि काजळीची शाई त्यांनी घरीच खलली होती. तेही त्यांनी सांगून टाकले.

इथपर्यंत मी चांगला पोलीस होतो.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावले. व्यापाऱ्याचे पैसे परत झाले होते, त्याची तक्रार उरली नव्हती. "जुनं घराणं आहे, पोरीचं लग्न ठरलंय," वरिष्ठ म्हणाले. "शिक्का मिळाला ना? मग मिटवा." मी कागद तयार केला. पाकिटे बनवणारा अज्ञात. सरकारी शिक्का तांड्यातून हस्तगत. नायकाच्या पणज्याची हकीकत मी लिहिली नाही, कारण ती लिहिली असती तर शिक्का बाहेर कोणी नेला हा प्रश्न पुढे आलाच असता. नायकाला सोडून दिले. शिक्का टपाल खात्याकडे गेला आणि नियमाप्रमाणे घाव घालून निकामी केला गेला.

नायक ठाण्याच्या पायरीपर्यंत गेला आणि परत फिरला. "सायब, शिक्का ज्याचा त्याईले पोचला, चांगलं झालं. एकच काम करा. आमच्या नसाबात येऊन सांगा, का हा चोरीचा नव्हता." नसाब म्हणजे त्यांची पंचायत, जिथे नायक इतरांचा न्याय करतो. चोरीचा माल जपणाऱ्याने न्यायाला कसे बसायचे, हा प्रश्न तिथे त्याच्यापुढे उभा होता.

मी म्हणालो, "येतो."

गेलो नाही. तिथे गेलो असतो तर कागदावर एक आणि तोंडात दुसरे, असे झाले असते. पुढे जमादारांकडून कळले की बाजारात त्या डागाचे बैल कोणी घेईना, आणि नायकाने नायकी भावाला देऊन टाकली. मग माझी बदली झाली.

तपास म्हणजे खरे शोधून काढणे, असे मी त्या दिवसापर्यंत समजत होतो. शोधून काढलेले खरे कोणाच्या तरी तोंडावर, लोकांसमोर सांगावे लागते, तेव्हा कुठे ते काम पुरे होते. ते मी केले नाही. त्या नसाबात बसलेले आता कोणी हयात नसेल. पण त्यांची नातवंडे शिकलेली असतील आणि त्यांतला एखादा हे वाचेल, अशी आशा आहे.

त्याच्यासाठी माझा जबाब असा: तो शिक्का तुमच्या माणसांनी चोरला नव्हता. तो त्यांच्यावर सोपवलेला होता, त्यांनी तो पोचवायला नेला होता, आणि घेणाऱ्याने घेतला नाही म्हणून पिढ्यान् पिढ्या सांभाळला. या प्रकरणातला तपासी अंमलदार मी होतो, आणि हे मला त्याच वेळी माहीत होते.