काळ्या काठीचं लाकूड

मोडक्या खुर्च्यांचे पाय, खोक्यांच्या फळ्या, पुराने काठावर टाकलेले ओंडके, जे मिळेल त्यातून तो लेथवर पेनं कातत असे. निम्म्या लाकडांची नावं त्याला ठाऊक नसत. ‘अनोळखी’ असं सांगूनच तो ती पेनं गिऱ्हाइकाच्या हाती देई.

“सागवान म्हणालात तर जीभ झडेल का?” बायको विचारी.

“जिभेचं राहू दे, लाकूड हसेल.”

रीत ठरलेली होती. करवत लावण्याआधी तुकड्याच्या आडबाजूला पटाशीने नखभर खरवडायचं, ओलं करून उजेडात पाहायचं. ओळख पटली तर नाव. नाही पटली तरी रंग मात्र कधीच लावायचा नाही.

थोरला भाऊ गेल्यावर वहिनी त्याची काळी काठी घेऊन आल्या. पुतणी नोकरीसाठी दूर निघाली होती; तिला बाबांच्या काठीचं पेन हवं होतं.

“काळं शिसव आहे, भाऊजी. तुम्हाला काय सांगायचं!”

खरंच सांगायला नको होतं. दादाने ते जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं होतं. दादाचा शब्द खरवडून पाहावा, हे त्याच्या मनातही आलं नाही. खालचा भाग किडीने पोखरलेला होता. मुठीजवळ एका पेनापुरतं लाकूड शाबूत होतं. त्याने तिथेच करवत चालवली.

आत लाकूड फिकट, पिवळट होतं. काळेपणा वरवरचा, सालीएवढाच. त्याने चटकन कापावर तळवा ठेवला.

“दाखवा,” समोर स्टुलावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या.

त्याने हात काढला. त्या वाकून पाहू लागल्या.

“बुटांना पॉलिश करताना काठीवरूनही फडकं फिरवायचे. मला वाटायचं, जपताहेत.” मग हळूच, “जपतच होते म्हणा.”

काठी पुन्हा सांधता येणार नव्हती. “म्हणाल तर काळं करून देतो,” तो म्हणाला. “पोरीला कळायचं नाही.” असं तो आजवर कुणालाच म्हणाला नव्हता.

“आधी कातून तर बघा.”

लेथ फिरू लागला. काळी साल बारीक ढलप्यांनी गळून पडली. पण एका जागी तपकिरी डाग उरला. पटाशी खोल गेली तरी हटेना. दादाचा अंगठा टेके तिथल्या बारीक चिरेतून वर्षानुवर्षं घाम आत मुरला होता. वहिनींनी त्यावर बोट टेकवलं.

“रंग नको,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पुतणी आली. “काका, हे शिसव नाही.”

“नाही.”

“मग कुठलं?”

“ठाऊक नाही, बाळा.”

“पण बाबा तर...”

“म्हणायचे,” वहिनी म्हणाल्या. “आणि आपण ऐकायचो.”

पुतणीने पेन उजेडात धरलं, डागावर नख घासलं. डाग गेला नाही. तिने पुन्हा घासलं नाही.